आधी किल्ली, मग ग्लास

तेजरामच्या अहात्यात मी पहिल्यांदा गेलो तो भांडतच. त्या दिवशी ऑफिसात, ज्याला मी फायलीला दोरी कशी बांधायची इथपासून शिकवलं होतं, तो पोरगा हेडक्लार्क झाला होता आणि मी होतो तिथेच होतो. म्हणून ठरवलं, आज प्यायची. आमच्या घरात तीन पिढ्या सरकारी नोकरी. घेतली तरी दार लावून, पाहुण्यांनी आणलेली, तीही औषधासारखी तोंड वाकडं करून. चारचौघांत बसून प्यायची माझी ती पहिलीच वेळ. स्कूटर लावली, दारात आलो, तर पांढरी बंडी घातलेल्या एका सडपातळ माणसानं तळहात पुढे केला.

"किल्ली."

"कशाची?"

"स्कूटरची. आधी किल्ली, मंग ग्लास."

मी त्याला सांगितलं की मी जलसंसाधन विभागातला गुणाकर, मला ओळखत नाहीस का. तो म्हणाला, "इथं कोनीच कोनाले ओळखत नाही, बाबूजी. किल्ली द्या."

मी संतापून परत फिरलो. स्कूटरपाशी गेलो. घरी जाऊन बायकोला काय सांगायचं याचा विचार केला, आणि मुकाट्यानं परत येऊन किल्ली त्याच्या हातावर ठेवली. त्यानं ती भिंतीवरच्या खिळ्याला अडकवली आणि बसायला बाक दाखवला. या गोष्टीला आता सत्तावीस वर्षं होतील. तेव्हापासून दर शनिवारी संध्याकाळी मी तिथे जात राहिलो. माझी बायको अलकनंदा विचारायची, "तुमच्या देवळात आज आरती किती वाजता?" मी म्हणायचो, साडेसहाला.

अहाता म्हणजे काय, हे बाहेरच्यांना सांगावं लागतं. आमच्याकडे, मध्य प्रदेशात, देशी दारूच्या दुकानाला लागून बसून प्यायची परवाना असलेली जागा असायची, तिला अहाता म्हणत. नागपूरचे माझे साडू हा शब्द ऐकला की नाकाला रुमाल लावतात. त्यांच्या डोळ्यांपुढे चिखल, माशा आणि गटारात लोळणारी माणसं येतात. तसे अहाते होते, खोटं कशाला बोलू. पण तेजरामचा अहाता बघितला असता तर साडूंनी रुमाल खिशात ठेवला असता.

कौलारू लांबट खोली, पुढे अंगण. सागवानाचे सहा बाक, बसून बसून गुळगुळीत झालेले. कोपऱ्यात पाण्याचे दोन रांजण. ग्लास जाड काचेचे, राखेनं घासलेले. प्लास्टिकचा ग्लास त्यानं कधी दारातून आत येऊ दिला नाही. टीव्ही नाही, गाणी नाहीत. दुकानाच्या खिडकीतून देशीची पाव बाटली आणायची, बाकावर बसायचं, आणि रांजणातलं पाणी घालून हळूहळू प्यायचं. कोणी कोल्ड्रिंक मिसळायला लागला की तेजरामच्या कपाळाला आठ्या पडत. "शरबत प्याचं असंन तं बसस्टँडवर जा ना," म्हणायचा. सोबत उकडलेले हरभरे, वर कच्चा कांदा, हिरवी मिरची आणि लिंबू. थंडीत लाखोळीच्या डाळीचे वडे. वैनगंगेचे मासे मिळाले तर तेही, तळलेले, पण मिळाले तरच. तेजराम स्वतः थेंबभर पीत नसे. सगळे त्याला 'मालक' म्हणत. खरं तर मालक होता ठेकेदार, आणि तो दर काही वर्षांनी बदलायचा. तेजराम तेवढा बदलत नव्हता. त्याचं नाव तेजराम आहे हे मलाही पाचेक वर्षांनी कळलं.

किल्ली परत मिळवायची त्याची रीत जगावेगळी होती. गिऱ्हाइकानं उठायचं, आपला ग्लास घेऊन अंगणातल्या नळापर्यंत चालत जायचं, तो राखेनं घासून धुवायचा आणि आणून पालथा ठेवायचा. तेजराम बघत नाही असं दाखवून सगळं बघायचा. पाय सरळ पडले, ग्लास न आपटता धुतला गेला, की किल्ली हातात. ग्लास निसटला, राख सांडली, नळ उघडा राहिला, की मग देवाचा बापही आला तरी किल्ली नाही. गाडीवर पोतं टाकून तेजराम ती अंगणात उभी करी आणि माणसाला स्वतः नेऊन रिक्षात किंवा बसमध्ये बसवी. सकाळी येऊन गाडी घेऊन जायची. कोणी विचारायचं नाही, कोणी सांगायचं नाही. माझी स्कूटर त्या अंगणात किती वेळा राहिली हे मी इथे लिहिणार नाही, अलकनंदा हे वाचणार आहे.

हे त्यानं सुरू का केलं, ते एकदाच बोलला. अहाता हाती घेतला त्या पहिल्याच वर्षी त्याच्याकडून उठून गेलेला एक माणूस वैनगंगेच्या पुलाच्या अलीकडे ट्रकखाली आला. तेजराम त्याच्या मयतीला गेला आणि लांब, एका झाडाखाली उभा राहिला. "त्याची बायको मले ओळखत नव्हती म्हनून उभा राहू शकलो," म्हणाला, "ओळखत असती तं गेलो नसतो." दुसऱ्या दिवशी त्यानं भिंतीत खिळे ठोकले.

आणखी एक गोष्ट त्यानं कटाक्षानं पाळली. अहात्यात आलेला माणूस बाहेर भेटला तर आपण होऊन ओळख दाखवायची नाही. बाजारात, लग्नात, दवाखान्यात तेजराम माझ्यासमोरून अनोळख्यासारखा निघून जायचा. मी हाक मारली तरच थांबायचा. पहिल्यांदा मला वाटलं, माजलाय. मग एकदा माझ्यासोबत माझी सासू होती, आणि मला त्याची किंमत कळली.

मग दोन हजार तेवीसच्या एप्रिलपासून सरकारनं राज्यातले सगळे अहाते बंद केले. दुकानं राहिली, बसायच्या जागा गेल्या. निर्णय चांगला की वाईट यावर मी बोलणार नाही, पेन्शन सरकारच देतं. एवढंच सांगतो की पिणारे काही देवळात गेले नाहीत. नदीकाठी, गाडीवर बसल्या बसल्या प्यायला लागले, आणि तिथे ग्लास धुवायला लावणारा कोणी नव्हता. मी मात्र सोडली. मला प्यायची सवय नव्हतीच, बसायची होती.

तेजरामनं त्याच खोलीत चहा-नाश्त्याचं हॉटेल टाकलं. पोहे, वडे, हरभरे. बाक तेच, रांजण तेच. फक्त हाताची खोड जाईना. कोणी मोटरसायकल लावून आत आलं की याचा तळहात आपोआप पुढे. लोक विचारायचे, चहा प्यायला किल्ली कशाला? त्याची मुलगी अंजू कपाळाला हात लावायची. "बाबा, अब तो बस करो," म्हणायची, "लोक चाय पेऊन झिंगत नाहीत."

ही अंजू म्हणजे त्याचं एकुलतं एक लेकरू. एम.ए. झालेली, एका खाजगी शाळेत शिकवते, बोलायला फटकळ, मनानं साफ. आणि तिचं लग्न जमत नव्हतं. दोन वर्षांत तीन स्थळं आली आणि तीनही 'बाप काय करतो' या प्रश्नापाशी अडली. एकानं तर निरोप पाठवला, दारूच्या अड्ड्यावरची पोरगी आमच्या घरात खपणार नाही. तेजराम मला म्हणाला, "बाबूजी, मी आयुष्यात कोनाचं वाईट नाही केलं. माह्या पोरीनं तं काहीच नाही केलं." बोलताना त्याची मान खाली होती, आणि मला फार वाईट वाटलं.

चौथं स्थळ मी आणलं. किरनापुरचा खेमराज, सरकारी दवाखान्यात लॅब टेक्निशियन, निर्व्यसनी, शांत. वडील तो दोन वर्षांचा असताना गेले. आई गोदाबाई त्याला घेऊन भावाकडे आली आणि भावानं, शालिकरामनं, दोघांना सांभाळलं. आज त्या घरात शब्द चालतो तो शालिकराम मामांचा. मला विचारलं, मुलीचे वडील काय करतात? मी सांगितलं, हॉटेल आहे. खोटं नव्हतं. पण खरंही नव्हतं, आणि हे मला सांगतानाच माहीत होतं. अंजूला कळल्यावर ती माझ्यावर उखडली.

"काका, लपवून काहून सांगतलं? उद्या कळंन तं?"

"लग्न झाल्यावर कळू दे," मी म्हणालो. मोठा शहाणा!

डिसेंबरातल्या एका रविवारी सकाळी अकराला पाहुणे आले. तेजरामचं घर हॉटेलच्या मागच्या गल्लीत. तो नवा, कडक इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभा, शेजारी मध्यस्थ म्हणून मी. दोन मोटरसायकली थांबल्या. एकीवर खेमराज आणि मागे गोदाबाई. दुसरीवर एकटे शालिकराम मामा: पांढरं धोतर, कपाळाला बुक्का, गळ्यात तुळशीची माळ. गावच्या भजनी मंडळाचे प्रमुख. व्यसनमुक्तीची सभा असली की अध्यक्षही हेच. वडीलधारे म्हणून तेच आधी पायरी चढले.

तेजरामनं हात जोडले. "रामराम, या, या." आणि मग, घाबरलेला होता म्हणून असेल, त्याचा उजवा तळहात पुढे झाला. मी डोळ्यांनी त्याला खुणावतोय तोवर उशीर झाला होता.

आणि शालिकराम मामांनी, एका शब्दानं काही न विचारता, खिशातून मोटरसायकलची किल्ली काढून त्या तळहातावर ठेवली.

ठेवून ते एक पाऊल आत गेलेही. मग थबकले. वळून तेजरामच्या तोंडाकडे बघू लागले. तेजराम त्यांच्याकडे बघत होता. दोघांचीही तोंडं अशी झाली की मला सगळं कळलं. शनिवारशिवाय मी कधी गेलो नव्हतो, म्हणून मामांना मी तिथे पाहिलं नव्हतं, एवढंच.

मागून गोदाबाई आल्या. "दादा, किल्ली काहून देल्ली तू त्याहिले?"

सगळे आत येऊन बसले. किल्ली अजून तेजरामच्या मुठीत होती. गोदाबाईंनी पुन्हा विचारलं, या वेळी जरा जोरात. खेमराज मामाकडे बघत होता. तेजराम तेव्हा एवढंच म्हणू शकला असता की गाडी नीट लावायची होती. मी मनातल्या मनात त्याला तेच सुचवत होतो. पण गोदाबाईंचा प्रश्न त्याला नव्हता, भावाला होता, आणि भाऊ घामाघूम झाला होता. तेजरामनं ते बघितलं आणि उभा राहिला.

"बाई, चूक माही हाय," तो म्हणाला. "हॉटेल मी आत्ता आत्ता टाकलं. त्याच्या आधी एकतीस साल मी दारूचा अहाता चालवत होतो. तिथं येनाऱ्याची मी किल्ली ठेवून घ्यायचो. तेच सवयीनं हात पुढं झाला. पाहुन्यानं मान राखाले किल्ली देल्ली. त्याहिले काय माहीत?"

या माणसानं आपल्या हातानं पोरीचं स्थळ मोडलं, आणि ते कशासाठी, तर जुन्या एका गिऱ्हाइकाचं गुपित राखायला!

गोदाबाई माझ्याकडे वळल्या. "तुमी तं हॉटेल म्हनून सांगतलं होतं."

"आता हॉटेलच आहे," मी पुटपुटलो. माझा आवाज मलाच ऐकू आला नाही.

आतल्या दारात अंजू चहाचा ट्रे घेऊन उभी होती. तिनं ट्रे खाली ठेवला. "हौ, अहाताच होता," ती म्हणाली. "त्याच्यावरच मी शिकली. मी तं म्हनत होती, आधीच सांगा. मले त्याची शरम नाही." तिची नजर खाली गेली नाही. त्या क्षणी मला त्या पोरीचा अभिमान वाटला आणि स्वतःची लाज.

तेजरामनं पाण्याचा तांब्या आणून मामांपुढे ठेवला. त्याच्या चेहऱ्यावर ओळखीची एक रेघ नव्हती. आणि मामा? शेंदूर फासलेल्या देवासारखे गप्प. मला त्या माणसाचा इतका राग आला की सांगून टाकावं असं ओठांवर आलं. पण सांगणार कसं? बाप तो, त्यानं नाही सांगितलं, तर मी कोण?

गोदाबाईंनी पदर सावरला. आता उठतात, असं मला वाटलं. तेवढ्यात मामा बोलले.

"गोदा, हा मानूस खोटं बोलून राह्यला."

"काय खोटं?"

"मान राखाले नाही देल्ली मी किल्ली. माह्या हाताले सवय होती." त्यांनी एकदा खेमराजकडे पाहिलं आणि नजर जमिनीवर लावली. "इथं वखारीत मुनीम होतो ना मी? तवा चार साल याच्याकडं पेत होतो. शनवारी वखार बंद राहे, तेवढा वार सोडून रोज. यानं मले पायरीवरच ओळखलं, आन् सांगतलं नाही. एक डाव मी याच्या थोबाडीत मारली होती, गाडी दे म्हनून. यानं देल्ली नाही. मले हाताले धरून बसमध्ये बसवलं आन् कंडक्टरले सांगतलं, किरनापुरले उतरवजा."

ज्या मामाच्या पाया पडून खेमराज परीक्षेला जायचा, त्या मामाकडे तो नुसता बघत राहिला. मामांनी मान वर केली नाही. एवढं मोठं घर सांभाळलेला माणूस, पण त्या वेळी अगदी लहान दिसत होता.

"मले माहीत हाय," गोदाबाई म्हणाल्या.

मामांनी चमकून वर पाहिलं.

"मले काय, शेवंता वैनीले बी माहीत होतं. तुले काय वाटलं, दादा? आमी आंधळ्या होतो?" त्या भावाला रागावत होत्या की समजावत होत्या, कळत नव्हतं. शेवंताबाई म्हणजे मामांची बायको. तिला जाऊन आठ वर्षं झाली होती. "सांज झाली की वैनी ओट्यावर बसे. रस्त्यावर फटफटीचा आवाज आला की तिचा जीव वरखाली होये. तू पेऊन गाडीवर आला असशीन, कुठं धडकला असशीन, असंच तिच्या मनात. आन् बसमधून उतरताना दिसला की हात जोडे. म्हने, गोदाबाई, गाडी आली नाही म्हनजे मानूस येते. आज कोनीतरी गाडी ठेवून घेतली."

मग त्या तेजरामकडे वळल्या. तो अजून उभाच होता.

"तिले तुमचं नाव माहीत नव्हतं, भाऊ. बाई होते का मानूस, तेबी माहीत नव्हतं. पन दिवा लावताना रोज म्हने, माह्या घरच्या साऱ्याहिचं भलं कर, आन् त्या गाडी ठेवून घेनाऱ्याचं भलं कर. दादानं सोडली, त्याच्या बादबी म्हने. मरेपर्यंत म्हनत होती. मी ऐकलं हाय."

इतक्या वर्षांत मी तेजरामला शिव्या खाताना पाहिलं, मार खाताना पाहिलं, पण डोळ्यांत पाणी कधी पाहिलं नव्हतं. तो खाली बसला, तिथेच, जमिनीवर.

"बाई," तो म्हणाला, "मले तं वाटे, गावोगावच्या बायका सांजच्याले दिवा लावताना मले तळतळाटच देत असतीन."

"देतबी असतीन," गोदाबाई म्हणाल्या. "आमच्या घरून नाही आला."

मग त्यांनी माझ्याकडे एक कटाक्ष टाकला. "आन् बाबूजी, केस पांढरे झाले तुमचे. खोटं काहून बोलता?" मी कान पकडले, खरोखरचे, दोन्ही हातांनी. खेमराजला हसू आलं आणि त्यानं ते मामाकडे बघत दाबलं. गोदाबाईंनी चटईवर आपल्या शेजारची जागा हातानं साफ केली आणि अंजूला म्हणाल्या, "ये वं पोरी, बस इथं. चहा थंड होऊन राह्यला."